उन्हाळ्यात गल्लीत कार्यक्रम करायचेत: काय चालतं, काय पडतं?

शेवंता · १८ मार्च

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. आमची कॉलनी म्हणजे आठ-दहा जुन्या इमारती, मधून जाणारा अरुंद रस्ता आणि टोकाला पिंपळाचा पार. निम्म्या इमारती सध्या रीडेव्हलपमेंटला गेल्यात, त्यामुळे अर्धी माणसं भाड्याने कर्वेनगर-वारज्याला पांगलीत. पूर्वी गणपतीचे दहा दिवस सगळे भेटायचे, आता तेही आरतीपुरतं उरलंय.

आम्हा काही जणींच्या डोक्यात आलं की गणपतीची वाट कशाला बघायची? एप्रिल-मेमधल्या शनिवारी संध्याकाळी काहीतरी करू. एक चैत्रगौरीचं हळदीकुंकू, एक पोरांचं नाटक, एक गाण्याची संध्याकाळ, जमलं तर एखादं व्याख्यान. पांगलेल्यांनाही बोलवायचं.

गाडी अडलीय ती पैशावर. कमिटीतल्या एका गटाचं म्हणणं, एक इच्छुक उमेदवार सगळा खर्च उचलायला तयार आहे. ऑर्केस्ट्रा आणतो म्हणतो, स्टेज आणतो म्हणतो, फक्त स्वागताचा फ्लेक्स त्याचा. दुसरा गट म्हणतो घरटी वर्गणी काढा आणि घरच्यांनीच करा. मी दुसऱ्या गटात आहे, पण "घरच्यांनी" म्हणजे नक्की कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तुमच्याकडे काय चालतं ते सांगा. परवानग्या, आवाज, ऊन, पाऊस, भांडणं, सगळं चालेल.

पेठकर · १८ मार्च

व्याख्यान ठेवणार असाल तर एक लक्षात घ्या. २१ एप्रिल ते २० मे रोज संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, वक्तृत्वोत्तेजक सभा चालवते. दीडशे वर्षं होऊन गेली. व्याख्यानाची खरी आवड असलेले तुमच्या कॉलनीतले चार लोक त्या महिन्यात टिळक रस्त्यावर असणार, आणि तुमच्याकडे उरलेले बसणार. तेव्हा विषय असा घ्या की जो तिकडे मिळणार नाही. कोथरूड गावठाण, म्हातोबाचं देऊळ, जुने ओढे, पूर्वीची शेती. पंचाहत्तरीच्या पुढचा एखादा मूळ कोथरूडकर पकडा आणि त्याला बोलता करा. मानधन नको, शाल नको. पाऊण तास बोलणं, मग प्रश्न.

ऑर्केस्ट्राबद्दल माझं मत विचारू नका. आमच्या पेठेत संस्कृती म्हणजे व्याख्यान, कीर्तन आणि फार तर नाट्यसंगीत. बाकी सगळा गोंगाट.

गिरगावकरीण · १८ मार्च

शेवंता, प्रायोजकाचं आधी सांगते. आमच्या चाळीत एका वर्षी असाच एक दाता उगवला. कार्यक्रम झोकात झाला, सूत्रसंचालकाने दर दोन गाण्यांनंतर त्याचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी आम्ही वही घेऊन दारोदार वर्गणीला गेलो तर लोक म्हणाले, "तो देतोय की, आमच्याकडे कशाला?" तिसऱ्या वर्षी निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे दाता गायब. आणि वर्गणीची सवय मोडलेली ती मोडलेलीच. परत पन्नास पन्नास रुपये द्यायला लावायला फार वर्षं गेली.

पोरांच्या नाटकाबद्दल मात्र बिनधास्त पुढे जा. मे महिना आणि बालनाट्य हे मुंबईत पक्कं जमलेलं जोडपं आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं तेव्हापासून सुट्टीत पोरांना नाटकाला नेणं ही घराघरातली रीत झाली. आम्ही चाळीत करायचो ते अर्थात त्यातलं बघून बघून. दोन चादरी, एक नाडा, पडदा ओढायला दोन विश्वासू पोरं. विश्वासू म्हणजे ज्यांना नाटकात काम मिळालं नाही म्हणून राग नाही अशी. हे महत्त्वाचं आहे, हसू नका. चिडलेलं पोर ऐन वेळी पडदा अर्ध्यावर सोडून पळतं.

वाकडकर · १८ मार्च

एवढा खटाटोप कशाला? आयते उत्सव आहेत की. हनुमान जयंतीला आमच्या हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड, म्हणजे जत्रेतला नवसाचा गाडा, बघायला या. एका बाजूला आयटी कंपन्यांच्या काचा आणि समोरून बगाड. वर्गणी, पाहुणे, कुस्त्या, सगळं गाव चालवतं.

शेवंता · १८ मार्च

वाकडकर, येऊच. पण तुमच्याकडे गाव आहे. आमच्या कॉलनीत एक जण सांगलीचा, एक बीडचा, एक भोपाळचा, आणि सगळ्यांचे देव आपापल्या गावी. इथे सामाईक म्हणजे पाण्याचा टँकर.

कानसेन · १९ मार्च

मी त्या बाजूचा माणूस आहे जो खिडकी बंद करून बसतो आणि शिव्या खातो. म्हणून आधीच लिहून ठेवतो.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्र वगैरेंसाठी आधीच ठरलेले असतात. तुमचा शनिवार त्यात बसत नाही.

५५ डेसिबल म्हणजे काय ते कळायला दोन माणसांना घरात जरा मोठ्याने बोलू द्या. ऑर्केस्ट्राचा ढोलक सुरू झाला की तो आकडा पहिल्याच ठोक्याला मागे पडतो. तेव्हा ऑर्केस्ट्रा आणि कायदा दोन्ही एकदम मिळत नाहीत, कमिटीला हे आधीच सांगा.

नीटची_आई · १९ मार्च

कानसेनना जोरदार अनुमोदन. आणि कृपा करून तारखा ठरवताना बारावीच्या पोरांकडे बघा. नीटची परीक्षा साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते, एमएचटी-सीईटीचे पेपर एप्रिल-मेमध्ये चालू असतात. परीक्षेच्या आदल्या शनिवारी आमच्या समोरच्या सोसायटीत अंताक्षरी होती. मुलगी कानात कापूस घालून बायोलॉजी वाचत होती आणि खाली कुणीतरी "म, म, म" करून ओरडत होतं. त्यांना मी जन्मभर विसरणार नाही.

शेवंता · १९ मार्च

मेचा पहिला शनिवार वगळला. लगेच वगळला. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन आहेत.

ध्वनिक्षेपक · २० मार्च

साउंड-मंडपाचा धंदा आहे, घरात तिसरी पिढी. म्हणून चार गोष्टी फुकटात.

पहिली, आवाज मोठा करण्यापेक्षा जवळ आणा. लोक दोन मोठे स्पीकर स्टेजपाशी लावतात आणि शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून व्हॉल्यूम चढवतात. पुढचे बहिरे, मागचे तक्रार करणारे, आणि बाजूच्या इमारतीत पोलिसांना फोन. त्यापेक्षा लहान स्पीकर चार घ्या, स्टँडवर डोक्याच्या वर ठेवा, तोंड खाली प्रेक्षकांकडे करा, दर पाच-सहा रांगांना एक जोडी. बाहेर फार जात नाही.

दुसरी, माइक शिट्टी मारतो तो माइकचा दोष नसतो. माइक स्पीकरच्या पुढे आला की मारणारच. गाणारा माणूस भावनेच्या भरात पुढे चालत येतो आणि आमच्या नावाने खडे फोडतो. जमिनीवर खडूने रेघ मारा, पलीकडे जायचं नाही.

तिसरी, मेमध्ये वळीव येतो. दुपारी तीनला आभाळ निळं, सहाला वारा, सातला टपोरे थेंब. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर छपराखालीच ठेवा, स्पीकरला प्लास्टिकच्या टोप्या तयार ठेवा, आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर टाकू नका, विटेवर किंवा खुर्चीवर ठेवा. अर्थिंग तपासल्याशिवाय पोरांच्या हातात माइक देऊ नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "काही होत नाही हो."

चौथी, वेळ. पुण्यात मेमध्ये सूर्य सातच्या सुमाराला बुडतो. साडेसहाला खुर्च्या, सातला सुरू, साडेनऊला समाप्त. मधला अर्धा तास भाषणांसाठी राखीव समजा, ती होतातच.

पेठकर · २० मार्च

भाषणांवरचा शेवटचा मुद्दा सोन्याच्या पट्टीवर कोरून ठेवावा.

जलशातला · २० मार्च

धागा वाचतोय आणि गंमत वाटतेय. उन्हाळ्यात वस्तीत कार्यक्रम कसा करायचा, यावर दोन पानं झाली आणि अजून ११ ते १४ एप्रिलचं नाव कुणी काढलं नाही?

आमच्या वस्तीत महात्मा फुले जयंतीपासून बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत चार दिवस रोज कार्यक्रम असतो. मोठ्या पोरांचं सलग १८ तास वाचन, लहान पोरांची वक्तृत्व स्पर्धा, एक रात्र गायन पार्टीची, म्हणजे भीमगीतं गाणाऱ्या मंडळींची, एक शाहिरी जलशाची. आणि हे सगळं पुण्याला नवीन नाही, पेठकर. बाबासाहेबांची सार्वजनिक जयंती पहिल्यांदा झाली तीच पुण्यात, १४ एप्रिल १९२८ ला, जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी केलेली. त्याच्याही आधी सत्यशोधकांचे जलसे याच शहराच्या आसपास गावोगाव फिरत होते. सत्यशोधक समाजही इथलाच, १८७३ चा. म्हणजे तुमच्या व्याख्यानमालेच्या दोन वर्षं आधीचा.

"व्याख्यान, कीर्तन, नाट्यसंगीत आणि बाकी गोंगाट" हे वाक्य म्हणून जरा मागे घ्या. आमच्याकडे लोकशाहीर वामनदादा कर्डकांची गाणी म्हणणाऱ्या बाया दिवसभर धुणीभांडी करून येतात आणि रात्री स्टेजवर एक कडवं चुकत नाहीत. त्यांना कुणी शिबिर लावलेलं नाही.

आणि शेवंताताई, "घरच्यांनी म्हणजे कोण" हा तुमचा प्रश्न आमच्याकडे कधी पडला नाही, कारण कार्यक्रम ठरायच्या आधी गाणारे ठरलेले असतात. तुम्ही कार्यक्रम आधी ठरवताय आणि माणसं नंतर शोधताय. उलटं करा. कॉलनीत कोण काय करतं याची यादी काढा. कामाला येणाऱ्या मावश्या, वॉचमन, इस्त्रीवाले, बांधकामावरची माणसं धरून. मग बघा कार्यक्रम किती होतात.

पेठकर · २० मार्च

वाक्य विनोदात लिहिलं होतं, पण लागलं असेल तर मागे. १९२८ चं मला ठाऊक नव्हतं. गायन पार्टीत पूर्वी दोन पार्ट्यांचा सामना व्हायचा, सवाल-जवाब, तसा अजून होतो का?

जलशातला · २० मार्च

होतो, कमी झालाय. दोन पार्ट्या आणायच्या म्हणजे खर्च दुप्पट, आणि रात्री दहाला माइक बंद करायचा तर सामना रंगायच्या आतच संपतो. पूर्वी पहाट व्हायची. कानसेन, तुमचा नियम मला मान्य आहे, फक्त त्याने काय गेलं तेही माहीत असू द्या. आणि डीजेच्या भिंती मला तुमच्याइतक्याच नकोत. त्या आल्या आणि ढोलकीवाल्याच्या सुपाऱ्या गेल्या.

वैदर्भी · २१ मार्च

तुम्ही पुणेकर सातला सुरू करता? बाप्पा! आमच्याकडे नागपुरात मेमध्ये सातला रस्त्यावर कुत्रंबी नसते. पंचेचाळीसच्या वर पारा गेला का भिंतीच रात्री नऊपर्यंत भाजतात. आम्ही गच्चीवर करतो. दुपारी चारला गच्चीवर पाणी मारायचं, सहाला परत मारायचं, आठला सतरंज्या टाकायच्या. दोन कूलर भाड्याने, माठ तीन. कार्यक्रम दीड तास, त्याच्यावर नाही. साउंड नाहीच लावत, गच्चीवर चाळीस माणसं असतात, आवाज पोचते. मग अंगतपंगत. डब्यात कुणी काय आणलं यावरच खरी मैफल होते.

फोंडेकर · २१ मार्च

गोव्याहून. "घरच्यांनी म्हणजे कोण" वाचून हसलो. आमच्या वाड्यावर देवळाच्या उत्सवात रात्री मराठी नाटक होतं ते गावकरीच करतात. बँकेतला, मच्छीमार्केटातला, शाळेतला मास्तर, सगळे. घरी कोकणी, स्टेजवर तलवार काढून मराठी. दिवसा कुणाला हाक मारायची तर नाटकातल्या नावाने मारतात, आणि ते नाव माणसाला वर्षभर चिकटतं. एकजण आमच्याकडे अजून "महाराज" आहे, तो टेम्पो चालवतो. बाहेरची कंपनी आणली तर प्रेक्षक बघून घरी जातो. आपला माणूस चुकला तर त्यावर पुढच्या उत्सवापर्यंत बोलता येतं.

कराओके_काका · २३ मार्च

गाण्याच्या संध्याकाळीसाठी हात वर. आमचा सहा जणांचा कराओके ग्रुप आहे. ट्रॅक आमचे, माइक आमचे. पण परवा कुणीतरी सांगितलं की गाणी वाजवायला लायसन्स लागतं, नाहीतर नोटीस येते. खरं का?

कलमबहाद्दर · २३ मार्च

काका, थोडं खरं, थोडं घाबरवणं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. त्यात दोन सवलती तुमच्या कामाच्या.

हौशी मंडळाने तिकीट न लावता, फुकट प्रेक्षकांसमोर गाणं किंवा नाटक प्रत्यक्ष सादर केलं तर तो कायद्याचा भंग धरत नाहीत. म्हणजे हार्मोनियम-तबल्यावर तुम्ही गायलात तर निवांत.

रेकॉर्ड केलेला आवाज वेगळा. रहिवाशांच्या सामाईक वापराच्या बंद खोलीत किंवा हॉलमध्ये तो ऐकवायला सवलत आहे, म्हणजे क्लबहाऊसमध्ये चालेल. पण कराओके ट्रॅक हे शेवटी रेकॉर्डिंगच, आणि पार्किंग किंवा रस्ता म्हणजे बंद हॉल नव्हे. तिथे ट्रॅक लावलात तर ही सवलत सांगता येईलच असं नाही. तिकीट लावलं की मग सवलतीचा आधार आणखी ढिला. माझा सल्ला फुकटचा आहे, पण तरी ऐका: एक तबलजी गाठा.

आता परवानग्या. सोसायटीच्या आवारात उघड्यावर स्पीकर लावायचा तर पोलिस ठाण्याची लेखी परवानगी लागते. बंद सभागृहात आतल्या आत असेल तर लागत नाही. सार्वजनिक रस्ता अडवायचा तर महापालिका आणि वाहतूक पोलिस दोन्हीकडे जा. एका अरुंद रस्त्यासाठी हे करू नका, आवारातच करा. नाटकाचं म्हणाल तर नाट्यगृहात किंवा तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तेव्हा रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाची परवानगी या दोन गोष्टी आधी बघा. पोरांनी स्वतः लिहिलेलं असेल तर दुसरा प्रश्न सुटतो.

कराओके_काका · २३ मार्च

तबलजी कुठून आणू हो. आमच्यातले तिघे ट्रॅक बंद पडला की गाणं विसरतात.

गिरगावकरीण · २३ मार्च

मग तीच खरी परीक्षा काका :)

शेवंता · २ एप्रिल

यादी काढली. जलशातला, तुमचे आभार कसे मानू? आमच्या कॉलनीत काय काय निघालं बघा. शेजारच्या विंगमधल्या आजी आकाशवाणीवर गायच्या हे तीस वर्षं समोर राहून मला माहीत नव्हतं. वॉचमन बुलढाण्याकडचे, भारूड म्हणतात. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा भाऊ ढोलकी वाजवतो. बांधकामावरच्या बाया छत्तीसगडच्या, त्या म्हणाल्या आम्ही नाचू, पण आमच्या माणसांना जेवण पाहिजे. दिलं म्हटलं.

कमिटीची सभा अडीच तास चालली. ठरलं ते असं: घरटी शंभर, ज्याला द्यायचं त्याने जास्त, फ्लेक्स कुणाचाच नाही. "इच्छुक" गटाने बहिष्काराची धमकी दिली, मग चहा आला.

चैत्रपालवी · ३ एप्रिल

हळदीकुंकवाचं कुणी बोललं नाही म्हणून मी. चैत्र तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही करता येतं, घाई नको. झोपाळ्यातली गौर, पुढे कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, पन्हं आणि कैरीची डाळ. डाळीबद्दल तेवढं ऐका. सकाळी वाटून ठेवली तर चार वाजता आंबूस वास येतो. डाळ सकाळी भिजवा, कार्यक्रमाच्या दोन तास आधी भरड वाटा, कैरी आणि फोडणी शेवटी. खोबरं वरून, वाढताना. सव्वाशे बायकांना पुरवायची असेल तर एकीने करायची नाही, पाच घरांत वाटून द्या आणि मीठ एकीनेच घाला. नाहीतर पाच डाळींच्या पाच चवी आणि मग कुणाची चांगली यावर वर्षभर चर्चा.

आणि चैत्रांगण काढा. पोरींना शंख, चक्र, गोपद्मं, कासव, तुळस, झोपाळा कुठे कसं काढायचं हे दाखवायची एवढीच एक संधी.

पुरोगामी_पाटील · ३ एप्रिल

हळदीकुंकू फक्त सवाष्णींना का, हा प्रश्न विचारून ठेवतो.

चैत्रपालवी · ३ एप्रिल

आमच्याकडे कधीच बंद झालं ते. सगळ्यांना कुंकू नको असेल तर अत्तर, डाळ सगळ्यांना. पुढचा प्रश्न?

शेवंता · २७ एप्रिल

चैत्रगौर झाली. आमंत्रणाच्या कागदावर "कॉलनीतल्या व कॉलनीत काम करणाऱ्या सर्व बायकांना" असं लिहिलं. दोन घरांतून नाकं मुरडली गेली, बाकी गर्दी इतकी झाली की हरभरे दुसऱ्यांदा उपसावे लागले.

चैत्रांगणाची मात्र वेगळीच फजिती. पार्किंगला आता पेव्हर ब्लॉक आहेत. रांगोळी चिमटीतून सोडली की फटीत. कासवाला पाय उरेनात. मग बांधकामावरच्या मुकादमाकडून शटरिंगच्या दोन जुन्या प्लायवूडच्या पाट्या आणल्या, घासून गेरू लावला आणि आजींनी त्यावर काढलं. पाट्या उचलता येतात हा फायदा. गाड्या आल्या तेव्हा दोघींनी चैत्रांगण उचलून जिन्याखाली नेलं.

मुकादमाच्या बायकोने कोपऱ्यात त्यांच्या गावाकडचं भिंतीवरचं चित्र पिठाने काढलं. आजी दहा मिनिटं बघत राहिल्या आणि मग विचारलं, बोट कसं धरता?

कानसेन · २७ एप्रिल

आवाज किती होता?

शेवंता · २७ एप्रिल

माइक नव्हताच. तरी दोनशे बायका होत्या, तुम्ही डेसिबल मोजले नाहीत ते बरं.

शेवंता · १८ मे

काल पोरांचं नाटक झालं. सविस्तर लिहिते, कारण ध्वनिक्षेपकांनी सांगितलेलं अक्षरशः तसंच घडलं.

नाटक पोरांनी स्वतः लिहिलं. पाराच्या पिंपळावर मुंजा राहतो. बिल्डर येतो, म्हणतो झाड रस्त्यात येतंय. मुंजा म्हणतो, माझी सोडमुंज व्हायचीय अजून, असं कसं काढता? मला पर्यायी निवास पाहिजे, महिन्याचं भाडं पाहिजे, सामान हलवायचा खर्च पाहिजे. बिल्डर म्हणतो, तुमचं नाव सातबारावर आहे का? मुंजा म्हणतो, दीडशे वर्षं झाली, मी मेलोय हाच पुरावा. मग कमिटीची सभा, त्यात दोन गट, शेवटी चहा. आमच्या अध्यक्षांचा चष्मा वर करण्याच्या लकबीसकट उतारा होता. अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने हसले.

सहाला वारा सुटला. चादरीचा पडदा शिडासारखा फुगून नाड्यासकट दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलला जाऊन अडकला. सातला थेंब. मिक्सर छपराखाली होता, टोप्या तयार होत्या, दोन मिनिटांत सगळं झाकून बंद. आता रद्द करायचं का, यावर मोठी माणसं चर्चा करत होती तोवर पोरांनी स्कूटर बाजूला ढकलून पार्किंगमध्ये जागा केली. मुंजाचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. वरचा स्लॅब बुटका असल्यामुळे आवाज घुमला, पण पोरं ओरडून ओरडून बोलली आणि शेवटच्या स्कूटरवर बसलेल्यालाही ऐकू गेलं. पाऊस थांबला तेव्हा सभेचा प्रवेश चालू होता, कुणी बाहेर यायला तयार नव्हतं.

कर्वेनगरहून आलेली तिन्ही कुटुंबं साडेदहापर्यंत पारावर बसली होती. माइक बंद, कानसेन.

कानसेन · १८ मे

बोलण्यावर बंदी नाही. मुंजाचं नाटक लिहून काढलं असेल तर इथे टाका.

कलमबहाद्दर · १८ मे

टाकण्याआधी सगळ्या पोरांची परवानगी घ्या. लेखक किती आहेत?

शेवंता · १८ मे

अकरा. आणि त्यांच्यात मुंजाचा शेवट कुणी सुचवला यावरून सकाळपासून भांडण चालू आहे.

ध्वनिक्षेपक · १९ मे

टोप्या कामी आल्या ना? बरं. गाण्याचा शनिवार कधी आहे? महिनाअखेर लग्नाच्या तारखा आहेत, लहान स्पीकर आत्ताच सांगून ठेवा.

शेवंता · १९ मे

येत्या शनिवारचं ठरलंय. आजींची दोन गाणी, वॉचमन काकांचं भारूड, छत्तीसगडच्या बायांचा नाच, कराओके काकांची तीन, तबल्यावर. होय, तबलजी मिळाला, सी विंगमधला इंजिनिअर. आणि जलशातला, तुमच्या ग्रुपला शेवटचा पाऊण तास ठेवलाय. याल ना?

जलशातला · १९ मे

येतो. आम्ही सात जण, चार बाया. ढोलकी आमची, हार्मोनियम तुमची असेल तर बरं, नेणं अवघड जातं. आमची मुख्य गायिका काळी चार पट्टीत गाते, पेटी सुरात आहे का ते आधी कुणाला तरी बघायला सांगा. आणि पाऊण तासात पोवाडा बसत नाही, ताई. दहाला माइक बंद म्हणता तर आम्हाला सव्वानऊऐवजी पावणेनऊला चढवा.

कराओके_काका · १९ मे

म्हणजे आमची तीनची दोन होणार?

शेवंता · १९ मे

एक. तबलजीलाही तेच सोयीचं आहे.